एकशे बारा आणि सत्त्याऐंशी यांच्यामध्ये

६ नोव्हेंबर

श्री. कीमन, पुलापलीकडील विभाग, यांस,

पत्र लिहिण्यास कारण की, एक तांत्रिक शंका आहे आणि तिचे उत्तर माझ्या कार्यालयात कोणाकडेही नाही. माझ्या कार्यालयात बहुतेक शंकांची उत्तरे कोणाकडेच नसतात. ती मी शोधते. ही मात्र तीन आठवडे शोधूनही हाती लागलेली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

शहराची उपनगरी गाडी नदीच्या अलीकडच्या काठावर येऊन संपते, हे आपण जाणता. पुलाच्या मध्यावर राज्याची हद्द. पलीकडे दुसरे राज्य, दुसरी रेल्वे, दुसरे साहेब. चाळीस वर्षे माणसे अलीकडे उतरतात, बसने पूल ओलांडतात आणि पलीकडे दुसऱ्या बसची वाट पाहत उभी राहतात. आता दोन्ही राज्यांचे एकमत झाले आहे (हे वाक्य लिहिताना मी दोनदा थांबले) आणि जानेवारीपासून हीच गाडी हद्द ओलांडून आणखी एकोणीस किलोमीटर जाणार आहे. तिचे वेळापत्रक मी तयार केले आहे. अर्थातच.

शंका अशी. माझ्या कागदाप्रमाणे सकाळची गाडी शेवटच्या स्टेशनात आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पोहोचली पाहिजे. चाचणीच्या गाड्या अकरा वेळा धावल्या आणि अकराही वेळा त्या चौऱ्याहत्तर सेकंद लवकर पोहोचल्या. उशीर मी समजू शकते. उशिराला शंभर आईबाप असतात. लवकर पोहोचणारी गाडी मात्र अनाथ असते; तिची जबाबदारी कोणीच घेत नाही.

पुलावर ताशी तीस किलोमीटरची मर्यादा आहे. तिची पाटी आपल्या बाजूला जागेवर आहे काय? गाडी तिथे खरोखर हळू होते काय? आपण कीमन, त्या रुळांवरून रोज हातोडा घेऊन चालता आणि रूळ जागेवर धरणारी एकेक कळ ठोकून पाहता, म्हणून आपल्याला विचारते. आपल्या वरिष्ठांना विचारले असते, तर त्यांनी समिती नेमली असती.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. पुलाच्या पलीकडच्या टोकाचा थांबा मी वगळला आहे. तिथे थांबायला सत्तर सेकंद लागतात: तीस उभे राहण्याचे, चाळीस वेग कमी-जास्त करण्याचे. पलीकडे एकच रूळ आहे. समोरून तुमची एक्सप्रेस सुटण्याआधी आमची गाडी स्टेशनात शिरलीच पाहिजे, आणि माझ्या कागदात सत्तर सेकंद नाहीत. कुठेही नाहीत. मी शोधले.

त्या थांब्याच्या मागच्या गल्लीत तू राहतोस याचा या निर्णयाशी संबंध नाही. आईला मी हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या वेळापत्रकात माझा मुलगा तेवढा बसत नाही, होय ना गं?" तिच्या गुडघ्यांना दोन बस झेपत नाहीत, हे मलाही दिसते. पण गुडघे हा वाहतुकीचा निकष नव्हे.

उत्तर त्वरित यावे.

मुख्य वेळापत्रक अधिकारी


१५ नोव्हेंबर

श्री. कीमन यांस,

तुझे कार्ड मिळाले. बारा वर्षांनंतर माणूस बहिणीला एक ओळ लिहितो आणि ती ओळ अशी: "पाटी जागेवर आहे, पुलावरचा किलोमीटर मोजलाय का कोणी?" खाली सही नाही, तारीख नाही.

किलोमीटर मोजायचा कशाला? तो किलोमीटर आहे. कपड्याच्या दुकानात जाऊन मीटर किती सेंटिमीटरचा म्हणून कोणी विचारत नाही.

तुझ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून मी संशय जिथे होता तिथेच नेला, म्हणजे ड्रायव्हरवर. बुधवारी इंजिनात त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून गेले. सोबत दोन घड्याळे. तिशीपासून इंजिन चालवणारा, आता पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. माझ्याकडे पाहून त्याने आधी सीट पुसली, मग म्हणाला, "मॅडम, दोन घड्याळं कशाला? एकाने भागत नाही?"

"एक दुसऱ्यावर लक्ष ठेवतं," मी म्हणाले.

"आणि दोघांवर तुम्ही. बरंय."

पुलाआधी त्याने वेग उतरवला. काटा तीसवर आला आणि तिथे खिळ्याने ठोकल्यासारखा राहिला. मी काट्याकडे पाहत होते, तो समोर पाहत होता. पूल संपला, तुझा थांबा गेला (एक पत्र्याची शेड, दोन बाक, एक बाई पिशवी घेऊन उभी, तिला वाटले गाडी थांबणार), आणि त्याने वेग घेतला. शेवटच्या स्टेशनात माझ्या दोन्ही घड्याळांत आठ एकोणचाळीस आणि सेहेचाळीस सेकंद झाले होते.

मी म्हणाले, "तुम्ही कुठे तरी गाडी पळवलीत."

त्याने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, काटा तुमच्या डोळ्यांसमोर होता. गाडी मी पळवत नाही. तुमचा कागद रेंगाळतो."

असे माझ्याशी कोणी बोलत नाही. तू सोडून कोणी बोललेले नाही. मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण परतीच्या प्रवासात राग ओसरला आणि त्याच्या जागी ती जुनी खाज सुटली. लहानपणी घड्याळ उघडून पाहायची सुटायची, आणि तू आईला जाऊन सांगायचास, तीच. प्रत्येक खांब घड्याळावर टिपत परत आले. कुठल्या दोन खांबांमध्ये गाडी माझ्या कागदापेक्षा लवकर जाते, हे मला आता ठाऊक आहे. एकाच ठिकाणी जाते. पुलावर.

तुझ्या कार्डाचा आणि या निष्कर्षाचा संबंध योगायोगाचा आहे.

ता. क. तू आईकडे येतोस तेव्हा मी कार्यालयात असते, अशा बेताने येतोस. जाड काचेचा पेला धुऊन उपडा ठेवलेला असतो. आम्ही दोघी त्यातून पीत नाही. मी आजवर बोलले नाही, एवढेच.


१९ नोव्हेंबर

प्रिय,

कोणत्या नावाने हाक मारावी याचा विचार केला आणि सोडून दिला. लहानपणीसारखे "टिंब्या" म्हटले तर तू पत्र फाडशील.

मी जुने नकाशे काढले. तळघरातल्या खोलीत, शिडीवर चढून, धुळीने माखून. कारकून खाली शिडी धरून उभा होता आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "मॅडम, मी चढतो ना." त्याला काय शोधायचे हेच माहीत नव्हते.

आता ऐक. तुला हे माहीत असणार, पण मला ते लिहूनच नीट समजते.

आपल्या बाजूचे किलोमीटरचे खांब आपल्या राजधानीपासून मोजत येतात आणि शेवटचा, एकशे बारावा, पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा आहे. तुमच्या बाजूचे खांब तुमच्या राजधानीपासून मोजत उलट येतात आणि त्यांचा शेवटचा, सत्त्याऐंशीवा, पुलाच्या पलीकडे. खांबापासून खांब एक किलोमीटर, हा नियम. म्हणून वेळांचा तक्ता करणाऱ्या प्रत्येकाने एकशे बारा ते सत्त्याऐंशी हे अंतर एक किलोमीटर धरले. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने धरले. वीस वर्षे मी धरले.

पण तो किलोमीटर नाहीच! दोन बाजूंनी मोजत आलेल्या दोन फिती जिथे भिडल्या, तिथे जे उरले ते. उरले तेवढे उरले. पूल बांधताना कोणीही ते दोन्ही बाजूंनी मिळून मोजले नाही, कारण अर्धे आमचे आणि अर्धे तुमचे. मालगाड्या इतकी वर्षे त्यावरून जात होत्या, पण मालगाडीच्या मिनिटाचा हिशेब कोण ठेवतो? उपनगरी गाडीला सेकंद लागतात, म्हणून आता दिसले.

ताशी तीसच्या वेगाने पूर्ण किलोमीटरला एकशे वीस सेकंद. गाडी चौऱ्याहत्तर वाचवते. म्हणजे पुलावर तिला शेहेचाळीस सेकंद लागतात. म्हणजे ते अंतर साधारण तीनशे ऐंशी मीटर आहे.

शेहेचाळीस. हा आकडा कागदावर लिहिला आणि माझी लेखणी थांबली.

तो मी आधी पाहिला होता. वाहतूक निरीक्षकाच्या परीक्षेचा पाचवा प्रश्न, गुण दहा: "अलीकडच्या स्टेशनपासून पुलापलीकडच्या थांब्यापर्यंत धावण्याचा वेळ काढा." एका उमेदवाराने पुलासाठी एकशे वीसऐवजी शेहेचाळीस सेकंद धरले होते. कारण लिहिले नव्हते. परीक्षक मी होते. उत्तरपत्रिकेवर नाव नव्हते, क्रमांक होता; पण सातचा आकडा मध्ये रेघ मारून लिहिणारा माणूस आपल्या घरात एकच होता. नियमाप्रमाणे ती पत्रिका मी दुसऱ्या परीक्षकाकडे द्यायला हवी होती. दिली नाही. मला वाटले, मी इतकी निःपक्षपाती आहे की स्वतःच्या भावाची पत्रिकाही तपासू शकते. शून्य दिले. समासात लाल शाईने लिहिले, "किलोमीटर हजार मीटरचा असतो, हे तिसरीतल्या मुलालाही कळते." तू तीन गुणांनी नापास झालास.

नंतर तू उत्तरपत्रिका पाहायला मागितलीस आणि अक्षर ओळखलेस. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. महिन्याभरात तू हद्दीपलीकडे नोकरी धरलीस. निरीक्षक व्हायचा माणूस कीमन झाला.

हे लिहायला मला चार दिवस लागले. पहिले तीन मसुदे अधिक सुबक होते आणि त्यांत मी निर्दोष होते.

एक प्रश्न मात्र मला झोपू देत नाही, आणि तो अपराधाचा नाही, कुतूहलाचा आहे. तुला कसे माहीत होते? नकाशात ते नव्हते. पुस्तकात नव्हते. शिकवणाऱ्याला माहीत नव्हते, परीक्षकाला नव्हते. आणि माहीत होते तर कारण का लिहिले नाहीस?

ताई


२ डिसेंबर

टिंब्या,

तुझे दुसरे कार्ड. "प्रश्नात वेळ विचारली होती. कारण विचारलं नव्हतं." बरोबर आहे. प्रश्नपत्रिकाही मीच काढली होती.

"कसे माहीत होते" याचे उत्तर तू टाळलेस. ठीक. मी वाट पाहू शकते, जरी मला ते जमत नाही.

काल दोन्ही राज्यांची बैठक झाली. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना समोरासमोर माणसे, मध्ये पाण्याच्या बाटल्यांची रांग हद्दीसारखी. आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मला खोलीत बोलावले. चष्मा काढला, म्हणजे प्रेमाने बोलणार.

"हे बघा, चौऱ्याहत्तर सेकंद निघालेत ना? उत्तम झालं. राखीव म्हणून ठेवून द्या. गाडी कायम वेळेआधी. लोक तुमचे फोटो लावतील."

"आणि थांबा?"

"थांब्याचं नावही काढू नका. काढलंत की ते विचारणार, सेकंद आले कुठून. मग वीस वर्षांचे तक्ते बाहेर येणार. तुमच्या सहीचे. कशाला हातानं पायावर धोंडा?" मग आवाज खाली आणून, "शिवाय तिथे तुमचा भाऊ राहतो म्हणे. लोकांच्या तोंडावर हात ठेवता येतो का?"

साहेब मूर्ख नाहीत. एवढेच की त्यांना चूक लपवणे आणि चूक नसणे यांतला फरक दिसत नाही. सेकंद राखीव ठेवले असते तर कोणाला कळले नसते, हे मी तुला मुद्दाम सांगते. एक पूर्ण रात्र मी तो विचार केला. मी देवमाणूस नाही.

बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले की, वेळापत्रकात चूक आहे, चूक माझी आहे, ती सुधारली तर पुलापलीकडचा थांबा बसतो आणि वर चार सेकंद उरतात.

तुमच्या बाजूला एक इंजिनिअरबाई आहेत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, केस कापलेल्या, सतत काही तरी चघळणाऱ्या. त्यांना मी आधी हलक्यात घेतले होते. त्या चघळायच्या थांबल्या. "तीनशे ऐंशी मीटर, हे सांगितलं कोणी? तुमच्या नकाशात तर नाहीये."

"चाचणीच्या गाड्यांनी."

"त्या आता. सगळ्यात आधी कोणी?"

मी म्हणाले, "माझ्या भावाने. बारा वर्षांपूर्वी, परीक्षेत. मी त्याला शून्य दिलं."

आमच्या साहेबांनी बाटलीचे झाकण उघडले, पुन्हा लावले. मग त्या बाई म्हणाल्या, "तो कीमन? पांढऱ्या टोपीवाला? अहो, तो आमच्याकडे दरवर्षी अर्ज करतो, पुलावरचा किलोमीटर मोजा म्हणून. आम्हाला वाटायचं, त्याला भत्ता हवाय."

दरवर्षी! हे तू मला सांगितले नाहीस.

निर्णय असा झाला. घड्याळावरून काढलेले अंतर कागदावर चालत नाही. हद्दीवरची मोजणी दोन्ही बाजूंच्या एकेका कर्मचाऱ्याने मिळून, फितीने, एकाच दिवशी करायची. दोघांनी स्वतंत्र नोंद ठेवायची. नोंदी जुळल्या तरच दोघांच्या सह्या, आणि तरच ती ग्राह्य. अंतर चारशे पंधरा मीटरच्या वर गेले तर सत्तर सेकंद निघत नाहीत आणि थांबा जातो. छपाई पंधरा तारखेला. मोजणी तेरा तारखेला, सकाळी दहा ते बारा, तेवढा वेळ गाड्या बंद.

आमच्या बाजूने साहेबांनी माझे नाव दिले. शिक्षा म्हणून दिले असावे. तुमच्या बाजूने बाईंनी तुझे दिले. नातेवाइकांचा आक्षेप कोणी तरी काढला. त्या म्हणाल्या, "या दोघांचं एकमत झालं तर कोणाचंही होईल."

पन्नास मीटरची पोलादी फीत मी आणते. तू खडू आण.

ताई


१४ डिसेंबर

टिंब्या,

काल तू तिथे होतास. तरी लिहिते, कारण तू जे पाहिलेस त्यात एक गोष्ट नव्हती. ती माझ्या आत होती आणि तिथेच ठेवली तर मी पुन्हा तीच बाई होईन.

क्रमाने लिहू दे. मला क्रमाशिवाय जमत नाही.

तू एकशे बाराच्या खांबाशी उभा होतास. केस पिकलेत. मी "आलास" म्हणाले, तू "दहा वाजून एक मिनिट झालंय" म्हणालास, आणि मला आश्चर्य वाटले की हे वाक्य माझे असूनही मला टोचले. इंजिनिअरबाई पलीकडच्या टोकाला लाल झेंडा घेतलेल्या माणसाजवळ बसल्या. तू फितीचे पुढचे टोक धरून निघालास, मी मागचे. प्रत्येक पन्नास मीटरला तू रुळावर खडूची रेघ मारायचास, मी त्या रेघेवर शून्य धरायचे आणि वहीत एक खूण करायची. तू तुझ्या वहीत करायचीस. बोलायचे नाही, असे ठरले होते. ठरले नसते तरी आपण बोललो नसतो.

पहिल्या दोन फिती जमिनीवर होत्या. तिसरीला पूल सुरू झाला.

मला हे ठाऊक नव्हते. पन्नास वर्षांची होऊन, वीस वर्षे या पुलावरून कागदावर गाड्या नेऊन, मला ठाऊक नव्हते की रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या मधल्या फटींतून नदी दिसते. ती खाली होती, फार खाली, आणि सरकत होती. मी दोन्ही पाय एकाच फळीवर आणले आणि मगच पुढची फळी शोधली. तू पुढे होतास. मागे वळून पाहत नव्हतास. मी शून्य धरले, खूण केली, शून्य धरले, खूण केली. एकदा वही सावरताना पेन्सिल निसटली, ती पकडली.

सत्त्याऐंशीच्या खांबाशी शेवटचे तीस मीटर निघाले.

"किती?" तू विचारलेस.

मी खुणा मोजल्या. आठ. "आठ पन्नास चारशे, वर तीस. चारशे तीस."

"सात," तू म्हणालास. "तीनशे ऐंशी."

इंजिनिअरबाई उठून आल्या. दोन्ही वह्या पाहिल्या. "दोन आकडे म्हणजे मोजणी बाद. पुढची तारीख पुढच्या महिन्यात. छपाई तर परवा आहे. थांब्याशिवाय छापावं लागेल." घड्याळ पाहून, "पस्तीस मिनिटं आहेत अजून. काय ते ठरवा."

इथे ते आले, जे तुला दिसले नाही. मी "आठ" म्हणाले आणि तू "सात" म्हणालास, त्या क्षणी मला बरे वाटले. ऐक नीट: बरे वाटले. चारशे तीस खरे असते तर तुझे शेहेचाळीस सेकंद चूक होते. बारा वर्षांपूर्वीही चूक होते. माझे शून्य बरोबर होते. थांबा गेला असता, आई घरात बसली असती, पिशवीवाली बाई पुन्हा बसच्या रांगेत गेली असती, आणि मला बरे वाटले. अर्धा श्वास, जास्त नाही. पण तो घेतला मी.

त्याचीच लाज वाटून मी घाईने म्हणाले, "तुझंच लिही. तू रोज चालतोस इथून. मी सही करते."

आणि तू भडकलास. बारा वर्षांत पहिल्यांदा तुझा चढलेला आवाज ऐकला. "रोज चालतो म्हणून लिहायचं? मेहरबानीच हवी असती तर तेव्हाच पाय धरले असते ना तुझे! मला तुझा विश्वास नकोय, ताई. मोज."

"पुन्हा? तिथून?"

"खडूच्या रेघा आहेत ना रुळावर. परत जा आणि मोज. मी सांगणार नाही."

मी फळीवर पाय ठेवला आणि तो पुढे जाईना. तुला ते दिसले. आधी तू हसशील असे वाटले. मी हसले असते. तू हसला नाहीस. माझ्या मागे येऊन उभा राहिलास, हात लावला नाहीस, आणि हळू म्हणालास, "खाली बघू नकोस. स्लीपर बघ आणि आकडे म्हण. आकडा चुकेल या भीतीनं नदीची भीती जाते."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. ती पलीकडे राहायची. बसला पैसे नसायचे, आणि असले तरी बस सातला बंद. आठवड्यातून तीनदा चालत यायचो इथून तिला भेटायला. खाली बघितलं की भीती वाटायची. मग मोजायला लागलो. खांबापासून खांबापर्यंत सहाशे बारा स्लीपर. आपल्या बाजूच्या एका किलोमीटरमध्ये सोळाशेच्या वर असतात. म्हटलं, हा किलोमीटर आहे का चेष्टा?"

म्हणजे हे असे होते. नकाशात नव्हते, पुस्तकात नव्हते. एक घाबरट मुलगा एका मुलीला भेटायला जाताना खाली पाहू नये म्हणून मोजत होता. त्या वर्षी तू संध्याकाळी कुठे जातोस, हे मी एकदाही विचारले नव्हते. तू अभ्यास करत नाहीस, एवढे मात्र रोज सांगितले होते.

मी मोजत गेले. मोठ्याने, परवचा म्हणणाऱ्या मुलीसारखी. मागून तुझी पावले येत होती. पहिली रेघ, दुसरी, तिसरी. प्रत्येक रेघेवर बोट ठेवले. खडू बोटाला लागला. एकशे बाराच्या खांबाशी पोहोचले तेव्हा सात झाल्या होत्या. पेन्सिल निसटली तिथे मी एक खूण दोनदा केली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुणा तपासणाऱ्या बाईने.

"सात," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मग लिही."

बारा वाजायला सहा मिनिटे असताना दोन सह्या झाल्या. बाईंनी त्याखाली तिसरी केली आणि पुन्हा चघळायला सुरुवात केली. तू हातोडा उचललास, "ड्यूटी आहे" म्हणालास आणि पलीकडे चालू लागलास. मला वाटले होते तू काही बोलशील. मग वाटले, तू बोललास की.

आज दुपारी मुद्रिते तपासली. आठ वाजून सतरा मिनिटे, तीस सेकंद थांबा. तीन वेळा तपासले, मग आईला दाखवले. तिला चष्मा सापडेना, म्हणून वाचून दाखवले. ती म्हणाली, "हा कागद आधी का नाही केलास?" मी सांगितले की, चूक माझी होती. "ते मला बारा वर्षांपासून माहितीये," ती म्हणाली, आणि कपाट उघडून साड्या चाळायला लागली. जानेवारीला अजून सतरा दिवस आहेत.

तुझी मेहरबानी मी मागत नाही. तू नको म्हणालास, मलाही नको. मी केले ते पुसले गेले, असेही मी समजत नाही. पण आई एकटी येऊ शकत नाही, तिला हात धरून उतरवावे लागते आणि तीस सेकंदांत ते नीट व्हायला हवे. म्हणून उतरणारी माणसे दोन असतील. शेडपासून तुझ्या दारापर्यंत आईच्या चालीने किती मिनिटे लागतात, ते मला माहीत नाही. अंदाज मी करणार नाही. तू मोजून कळवतोस, की मी येऊन मोजू?

ताई